थंडीतली उन्हाळी

पाण्याशी इतकं वैर धरणारी बाई गोंडपिपरी तालुक्यात दुसरी झाली नसेल, अशी आमची विहीण, म्हणजे माझ्या लेकीची सासू. पाहुणी म्हणून कुठं गेली की पाण्याचा गिलास ओठाला लावायची आणि देवानं नैवेद्य खावा तसा भरलाच्या भरला परत द्यायची. धानाच्या रोवण्याला जायचं असो की एसटीनं चंद्रपूरला, सकाळपासून घोटभर नाही. मी तांब्या पुढं केला की म्हणायची, "पानी पेलं का बसा लागते, ईनबाई. अन् बसू कुठी? तुमच्या डोक्यावर?" बांधावर आडोसा नाही, स्टँडवरच्या संडासाला दार नाही, तिला खोटं ठरवणार तरी कसं? एसटी थांबवायला सांगणारी बाई मात्र तिच्या लेखी बेशरमच.

वैदकी तर विचारूच नका. आमच्याकडं ऊन तापलं की बायांना उन्हाळी लागते, लघवीला आग होते. मग सगळ्या हिच्या दारात. पळसाची फुलं उकळून ओटीपोटावर बांधा, धन्याचं पाणी तांब्यानं प्या. स्वतःला लागली की फुलं तेवढी बांधायची. पाणी शेजारणीला पाजायची!

तीच आग तिला गेल्या पुसात सुरू झाली. घडीघडी उठायची, तोंड वाकडं करून परत यायची. मी म्हटलं, "उन्हाळी हाय वो हे, दवाखान्यात चला."

"पुसाच्या थंडीत उन्हाळी? लोक हासतीन ना मले! मंग का हिवाळी म्हनू?"

आम्ही दोघीही पोट धरून हसलो. पण ती खरंच गेली नाही. दुखणं पाठीत चढलं, तर म्हणे धानाचा भारा उचलला. हुडहुडी भरली, तर म्हणे थंडीच हाय. मग एका सकाळी तिनं माझ्या लेकीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, तेव्हा जावयानं गाडी बोलावली.

वाटेत माझ्या मांडीवरचं डोकं उचलून ती ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, गाडी थांबवा जरा. मले उतरायचं हाय." आयुष्यात पहिल्यांदा. सागाच्या जंगलात आम्ही मायलेकींनी लुगड्याचा आडोसा धरला. उठली आणि म्हणाली, "पानी द्या वो ईनबाई." अख्खा तांब्या प्याली.

चंद्रपूरची डॉक्टरीण मला म्हणाली, "आजी, उन्हाळी नुसतं नाव आहे. लघवीच्या पिशवीत जंतू वाढतात, सूज येते. त्यांना थंडी काय, ऊन काय. लवकर आणलं असतं तर गोळ्यांनी भागलं असतं. आता जंतू मूत्रपिंडातून रक्तात गेलेत." विहीण घरी परतली नाही.

आता त्या जंगलात मी एसटी थांबवते. परवा कंडक्टर कुरकुरला, "आजी, इथी काऊन?"

म्हटलं, "थांबव रे बापा. आमच्या ईनबाईचं जलमभर थांबायचं राहून गेलं."

माझ्यामागून गाडीतल्या चार बाया उतरल्या.