लाल चिंधीचा वाटा

देण्यासाठी हात लागतो, आणि त्या हातात स्वतःचं म्हणावं असं काहीतरी लागतं. बायजीपुऱ्यातल्या खैरूबीजवळ दोन्ही होतं. हात कष्टाचे होते, हातांत सोन्याच्या पाटल्या होत्या. नव्हता तो फक्त देण्याचा मान.

खैरूबी पिंजाऱ्याची बायको. याकूब कापूस पिंजायचा, ती गाद्या शिवायची. अर्ध्या मोहल्ल्याची झोप तिच्या टाक्यांवर विसावलेली. पाटल्या तिच्या आईनं दिलेल्या. याकूबच्या आजारपणात त्या गहाण पडल्या, तेव्हा तिनं गाद्या शिवून शिवून त्या सोडवल्या. म्हणजे एकदा आईनं दिल्या आणि एकदा तिनं स्वतः मिळवल्या.

दर बकरी ईदला याकूब पाचोडच्या बाजारातून बकरा आणायचा. खैरूबी त्याला पाला घालायची, त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि ईदच्या सकाळी भिंतीकडे तोंड करून रडायची. सुरी फिरायची ती याकूबच्या नावानं. मग मटणाचे वाटे पडायचे: घरचा, नातलगांचा आणि गोरगरिबांचा. पिशव्यांची गल्लत होऊ नये म्हणून तिनं आपली एक रीत घातली होती. नातलगांच्या पिशवीला पांढरा दोरा, गरिबांच्या पिशवीला गादीच्या कापडाची लाल चिंधी. आणि चांगले तुकडे नेमके लाल चिंधीतच. "मांगनेवाले को हड्डी नक्को," ती म्हणायची. सून तहसीन आली तेव्हा तिलाही तिनं हेच शिकवलं.

याकूब गेला. मुलगा मुनाफ बायकोला घेऊन पडेगावच्या नव्या फ्लॅटमध्ये गेला. खैरूबी दुकानामागच्या खोलीतच राहिली. बकरा आता मुनाफच्या नावानं होऊ लागला. घरात एक बकरा झाला की सगळं घर कुर्बानीच्या जबाबदारीतून सुटलं, अशी त्या घराची पिढीजात समजूत. ती कुणी तपासून पाहिली नव्हती.

यंदा रमजान सरल्यावर बायकांच्या इज्तेम्यात, म्हणजे धार्मिक मेळाव्यात, धर्मशास्त्र शिकलेल्या एका आलिमाबाईंनी ती तपासली. त्या म्हणाल्या, "कुर्बानी घरावर वाजिब, म्हणजे बंधनकारक, नाही; माणसावर आहे. जो शहाणा आहे, वयात आलेला आहे, सफरीत नाही, आणि गरज भागून निसाबाइतकी, म्हणजे शरियतनं ठरवलेल्या किमान मर्यादेइतकी, मालमत्ता ज्याच्या मालकीची आहे, अशा प्रत्येकावर. मर्द असो की औरत. हातातलं सोनं तुमचं असेल, तर जबाबदारीही तुमचीच. नवऱ्याच्या बकऱ्यानं तुमची कुर्बानी होत नाही."

खैरूबीनं बुरख्याच्या बाहीत पाटल्या चाचपल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या कुर्बानीचे वाटे घालणारी बाई. तिची स्वतःची कुर्बानी बाकीच होती. तिला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या आत, उसाच्या पेरात रस असावा तसा, आनंद होता. वरच्या मालकानं तिला तिच्या नावानं हाक मारली होती. याकूबची बायको म्हणून नव्हे, मुनाफची आई म्हणून नव्हे. खैरुन्निसा, तू आण.

शेजारची गोजरबाई, कन्नडकडची, दारात मेथी निवडत होती. खैरूबीनं पहिल्यांदा तिलाच सांगितलं.

"म्हंजी औंदा तुझ्या नावाचा बोकड?"

"हौ. एक पाटली विकती और लाती."

"लई बेस. आमच्यात मालक गेल्यावर मला पूजेच्या पाटावर बी कुणी बसू देत नाय. तुमचा अल्ला बाईला इचारतो तरी."

"वो तो पूछता," खैरूबी हसली, "बीच में घरवाले खडे रहते."

हसण्यावारी बोललेलं खरं व्हायला फार वेळ लागला नाही. मुनाफला तिनं मनातलं सांगितलं, तेव्हा तो "देखेंगे अम्मी" म्हणाला. पुढच्याच जुम्याला आला आणि म्हणाला, "तुम्ही एकट्या राहता. गल्लीत चोऱ्या होतायत. पाटल्या माझ्या लॉकरमध्ये ठेवू." साबण लावून त्यानंच त्या हलक्या हातानं उतरवल्या. खैरूबी म्हणाली, "बकरे के वास्ते एक निकाल के देना." तो म्हणाला, "हौ ना."

ईद तोंडावर आली. पडेगावला एकच बकरा आला.

"मेरा?" तिनं विचारलं.

"अम्मी, पाटल्या तुम्ही मला देऊन टाकल्या. आता मालक मी. तुमच्याजवळ निसाब नाही, तर तुमच्यावर वाजिबही नाही. कैकू टेन्शन लेते?"

"दिल्या नाहीत बेटा. ठेवायला दिल्या."

"मग चला मुफ्तीसाहेबांकडे. चार लोकांत बोला, मुनाफ झूठा है."

ती गेली. मशिदीतल्या दालनात पडद्याआड बसली. म्हातारे मुफ्तीसाहेब न्यायी होते. त्यांनी मायेनं विचारलं, "बीबी, सच बोलो. बेटे को मालिक बनाया था, या अमानत रखाई थी?"

पडद्यापलीकडे मुनाफ खाकरला. मशिदीच्या कमिटीतली माणसं त्याच्या बाजूलाच बसली होती. ते खाकरणं आईच्या ओळखीचं होतं. लहानपणी कापसाच्या ढिगात लपून गूळ खाताना सापडला की तो असाच खाकरायचा, आणि बापाच्या मारापासून तीच त्याला वाचवायची. आता खरं बोलावं, तर कुर्बानी तिची होणार होती आणि मुलगा भर जमातीत लबाड ठरणार होता.

"मालिक बनाया था," खैरूबी म्हणाली.

"तो फिर आप पर वाजिब नहीं."

देवाला एक जीव द्यायला निघालेली ही बाई, देवाच्याच दारात खोटं बोलून रित्या हातांनी परतली.

ईदच्या दुपारी तहसीननं रिक्षावाल्याच्या हाती मटण पाठवलं. गोजरबाई दारातच होती. पिशवीला लाल चिंधी होती.

तहसीनच्या मनात कपट नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं होतं, अम्मीकडे आता काही नाही. ज्याच्याकडे काही नाही, त्याचा वाटा कोणता आणि त्याला काय बांधायचं, हे तिला सासूनंच शिकवलं होतं.

"ही तर तुझी गरिबाची चिंधी," गोजरबाई म्हणाली. "परत धाड."

"नक्को. बराबर बांधी उसने."

खैरूबीनं गाठ सोडली. तुकडे चांगले होते, हाड एकही नव्हतं. तिनं मटण धुतलं, चुलीवर चढवलं आणि दुपारच्या नमाजाला उभी राहिली. नमाज झाला. तिनं उघड्या मनगटांचे हात दुव्यासाठी वर उचलले. मुनाफसाठी मागितलं, तहसीनसाठी मागितलं. या ईदला स्वतःच्या कुर्बानीसाठी आणखी एक शब्द म्हणायचा, असं तिनं कधीचं ठरवलं होतं: कबूल कर.

तिनं हात खाली घेतले. कबूल करायला सांगावं असं तिच्याजवळ काही नव्हतं.