पत्ता न दिलेली प्रार्थना

सकवारबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की बेंगळूरच्या मराठी ख्रिस्ती घरसभेतली मंडळी मांडी बदलून घेत. पूर्ण पत्ता दिल्याशिवाय बाई पुढे सरकायच्या नाहीत. “प्रभू, चिकपेटात, भांड्यांच्या दुकानामागे, दुसऱ्या मजल्यावर आमच्या एस्तेरबाईंचा गुडघा दुखतोय.” गुडघा उजवा की डावा, तेही सांगायच्या.

दोष नवऱ्याचा. श्रीकांतराव पोस्टात टपाल निवडायचे आणि अपुऱ्या पत्त्याची पत्रं कशी परत जातात, ते रोज जेवताना ऐकवायचे. बाईंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. मुळातच जिवाला घोर लावून घेणारा स्वभाव. मन चिंती ते वैरी न चिंती. आमेन म्हणून प्रभूवर टाकलेलं ओझं चहा उकळेपर्यंत पुन्हा त्यांच्याच डोक्यावर असे.

त्र्याण्णव साली लातूरकडे भूकंप झाला. त्यांची एकुलती एक लेक सुवार्ता बेंगळूरच्याच एका मिशन हॉस्पिटलात नर्स. मराठी बोलणारी म्हणून मदतीच्या तुकडीत तिला आधी घेतलं. जीप निघताना बाईंनी विचारलं, “कुठल्या गावी गं?”

“तिथं गेल्यावरच कळेल, आई.”

मग काही खबर नाही. तिकडचे फोन बंद, आणि जमीन अजून हादरतेय असं बातम्यांत येई. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या लक्ष्मीदेवी ताट आणून ठेवत. “अक्का, स्वल्प तरी खा.” घास उतरत नसे.

बुधवारी सभा बाईंच्याच घरी होती. सकवारबाई उभ्या राहिल्या. “प्रभू, माझी सुवार्ता, लातूर जिल्ह्यात...” आणि अडकल्या. तालुका ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. मंडळी डोळे मिटून थांबली. पोर अशा जागी होती, जिथं आईची प्रार्थनासुद्धा पाठवता येत नव्हती.

शेवटी कसंबसं तोंडून आलं, “ती कुठंय मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. सांभाळ.”

एवढंच. श्रीकांतराव डोळे उघडून बघतच राहिले. मंडळी गेल्यावर बाईंनी लक्ष्मीदेवींचं ताट ओढलं आणि गार झालेला भात सगळा संपवला. खबर तेव्हाही नव्हतीच. काळजी रोज दाराशी येई. बाई म्हणत, “ती तुझ्याजवळ आहे,” आणि साड्यांना फॉल लावायला बसत. हळूहळू झोपही लागू लागली.

सुवार्ता दिवाळीच्या तोंडावर परतली. रापलेली, आवाज बसलेला. श्रीकांतराव रागावले, “एखादा पत्ता तरी कळवायचास!”

“कसला पत्ता, बाबा? शेतात ताडपत्रीखाली राहत होतो. गाव म्हणून काही उरलंच नव्हतं.”

सकवारबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला. त्यांना रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं.

त्या बुधवारी एस्तेरबाईंनी पुन्हा गुडघ्यासाठी विनंती केली. मंडळींनी मांड्या बदलल्या.

“प्रभू, एस्तेरबाईंचा गुडघा,” सकवारबाई म्हणाल्या, आणि जरा थांबल्या. “कोणता, ते तूच बघ. आमेन.”