स्टिअरिंगने गिळलेलं मंगळसूत्र

माझ्या लग्नाच्या सकाळी माझ्या होणाऱ्या बायकोचं मंगळसूत्र एका मोटारीने गिळलं.

मोटार भाऊजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती आखातातून आणली होती. स्टिअरिंग डावीकडे, आणि त्याच्या मधोमध फुगीर उशी. आमच्या मिठबावात माणसं ती बघायला यायची. वऱ्हाड नवरीच्या गावी, इन्सुलीला निघायचं, तर आधी देवळासमोर देवाला साकडं घालणारं गाऱ्हाणं हवंच. गाडीबरोबर मंगळसूत्रालाही देवाचा आशीर्वाद मिळावा म्हणून आईने ते झेंडूच्या हारासोबत स्टिअरिंगला अडकवलं. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, हार निघाला, मंगळसूत्र तिथेच राहिलं. भाऊजींनी पहिलंच वळण घेतलं आणि काळे मणी स्टिअरिंगच्या चाकामागच्या फटीत सरसर शिरले. बाहेर उरली एक वाटी.

माझा काका ओढायला धावला, तशी आई किंचाळली, "ओढू नको रे मेल्या! गळ्यात पडच्या आधीच तुटलां तर?"

मुहूर्त दुपारचा. मी मुंडावळ्या बांधून मागच्या सीटवर घामाने निथळत होतो.

"मगे चाकच काढूया," काका म्हणाला.

भाऊजी पांढरेफटक पडले. "काका, त्या उशीत एअरबॅगचो फुगो आसा! गाडी आपाटली की फुटता. आता चुकान फुटलो तर तोंड रवाचां नाय."

"फुगो? मगे जत्रेत नेऊन विकूया!"

मावशी म्हणाली, मंगळसूत्राऐवजी दोऱ्यात हळकुंड बांधून घाला. ते ऐकून आई रडायलाच लागली. मला वाटलं, संपलं. आता इन्सुलीत माझी वाट बघून मांडव उठणार.

इतक्यात भाऊजींना आखातातल्या गॅरेजवाल्याने बजावलेलं आठवलं: आधी बॅटरीची तार काढायची, मग उशीतली वीज मरेपर्यंत थांबायचं. तार काढली. पण उशीर होत असताना नुसतं थांबवतं कोणाला? देवळाच्या मानकऱ्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, सौभाग्याची पोत गाडीच्या पोटात गेली आसा..."

"होय म्हाराजा!"

"ती अखंड भायर पडांदे रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

मानकरी थांबले की भाऊजी हाताने खुणावत, अजून, अजून. गावातले सगळे देव संपले तेव्हा शेजारच्या गावचे घेतले.

मग भाऊजींनी चाकामागचे दोन स्क्रू सोडवले, तोंड बाजूला वळवून उशी उचलली, तिची तार काढली आणि तान्ह्या पोरासारखी उताणी सुपात ठेवली. मधला नट मात्र हलेना. चौघांनी चाक धरून ठेवलं, भाऊजी पान्यावर लोंबकळले. कट्ट! चाक हातात आलं. आईने दांड्याभोवतीचा वेढा दोन बोटांनी उलगडला. पोत अखंड होती, फक्त ग्रीसने माखलेली.

चाक बसवलं. उशी पुन्हा बसवायची हिंमत आणि वेळ, दोन्ही नव्हतं. ती सुपासकट देवळात राहिली. पोरांनी हात लावू नये म्हणून राखणीला कोणीतरी हवं होतं. सगळ्यांनी काकाकडे बघितलं.

आम्ही पोचलो तेव्हा भटजी मांडवाबाहेर येऊन उभे होते. मी मंगळसूत्र घातलं आणि नवरीच्या गोऱ्या मानेवर काळा पट्टा उठला.

"ह्यां काय काळां?" ती पुटपुटली.

"नजर लागाक नको म्हणून."

तिने माझा नवा कोरा शेला ओढला आणि सगळ्यांदेखत त्याला मान पुसली.