कान चिरलेला बोकड

फुलंब्रीचा मामा माझ्या औरंगपुऱ्यातल्या खोलीवर आला की त्याला सिनेमा लागायचा. त्या रविवारी पडद्यावर एक चोर देवाला नवस बोलत होता: चोरी पार पडू दे, तुला चांदीचा मुकुट घालतो. चोरी झाली. मुकुटही झाला, त्याच देवळातून चोरलेल्या चांदीचा. सगळं थेटर हसलं. मामा हसला नाही. मला वाटलं, डुलकी लागली असेल.

बाहेर चहा पिताना त्यानं बशीकडं बघत सगळं सांगितलं. मी दोन वर्षांची असताना तापानं आठवडाभर डोळे उघडले नव्हते, तेव्हा तो म्हसोबाला बोकड बोलला होता. मी उठले. मग नवस फेडायची वेळ आली आणि मामाचा जीव घरच्या बोकडात अडकला, कारण तो पैदाशीला ठेवलेला. त्यानं शेजाऱ्याचा उचलला. कापताना बघतो तर कान चिरलेला. आमच्याकडं देवाला सोडलेल्या बोकडाचा कान चिरतात. शेजाऱ्यानं तो आधीच त्याच म्हसोबाला सोडला होता. जन्म बकऱ्यांमागं गेलेल्या माणसाला उचलताना कान तेवढा दिसला नाही.

"देवाचाच बोकड देवाला देला, माय," मामा म्हणाला. "तुझा नवस फिटलाच नाय."

मी अठ्ठावीस वर्षांची, सरकारी नोकरीतली, नवसाला हसणारी. तरी अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. रागही आला. माझ्या जिवापुढं याला बोकड जड झाला होता.

पुढच्या रविवारी आम्ही शेजाऱ्याच्या दारात उभे राहिलो. या खेपेला बोकड मामाच्या घरचा होता, सगळ्यांत चांगला. मामानं सव्वीस वर्षांपूर्वीची चोरी तीन वाक्यांत कबूल केली. म्हाताऱ्या शेजाऱ्यानं बोकडाच्या पाठीवर हात फिरवला आणि तोंड उघडून दात बघितले.

"आमचा याच्याहून दांडगा व्हता," तो म्हणाला. "तुमच्या पंगतीला जेवलो तवाच मुंडकं वळखलं म्या. देवाला मग कोंबड्यावर राजी केलं."

म्हाताऱ्यानं बोकडाला बघितलं होतं तसंच मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"हीच का ती पोरगी?"

मामानं मान डोलावली.

"मग फिटलं," म्हातारा म्हणाला आणि बोकड आत नेऊन बांधून आला.