देवाच्या डोक्यावरचं फूल

धबधब्याच्या वाटेवर, ओढ्याच्या पात्रातच, शेंदूर फासलेला एक उभा दगड आहे. ओढा ओलांडून वर जाणाऱ्याने त्याच्या डोक्यावर फूल ठेवायचं, ही तिथली रीत. माझ्या मैत्रिणीचं, सुमनचं, माहेर त्याच खोऱ्यातलं. सोनकीचं फूल ठेवत ती म्हणाली, "हे आहे तोवर परत यायचं." मला ती नुसती श्रद्धा वाटली.

वर लख्ख ऊन होतं. धबधब्याखाली पोरंपोरी भिजत होती. मान वर करून बघताना वाटलं, आपल्याला पाणी फक्त पडताना दिसतं. ते जिथे जमतं, त्या पठारावरचं आभाळ कड्याआडच राहतं. तेवढ्यात पांढऱ्या धारेत चहाच्या रंगाची एक रेघ उतरली.

सुमनने माझं मनगट धरलं. "चल!"

"अरे, निघा, पाणी वाढतंय!" मी भिजणाऱ्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी हसून हात हलवले.

ओढ्यात पाणी देवाच्या कपाळाला टेकलं होतं. फूल तेवढं थरथरत होतं. आम्ही एकमेकींना घट्ट धरून कशाबशा पलीकडे आलो. मागे वळून पाहिलं, तर फूलही नव्हतं आणि देवही.

वरून अजून हसण्याचे आवाज येत होते.