बादलीला पाय

कुणाविषयी लिहावे एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि माझी भाषा अजून कच्ची आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सोलापुरात आमच्या शेजारी एक रंगारी राहत. गिरणीत सूत रंगवून त्यांचे हात कोपरापर्यंत निळे झालेले असत. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मी सुटीत पुण्याहून आलो की उठून उभे राहत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

गिरणीतला गोरा साहेब बोलताना कसल्यातरी म्हणी टाकी आणि कारकून हसत. "आपल्यावर हसत्यात का कामावर, एवढं तरी कळाय पायजे की," रंगारीकाका म्हणत. म्हणून मी त्यांना इंग्रजी वाक्प्रचार सांगू लागलो. एके दिवशी जनावरांचे, एके दिवशी भांड्यांचे.

भांड्यांच्या दिवशी मी म्हणालो, "माणूस मेला, की इंग्रज थट्टेने म्हणतात, त्याने बादलीला लाथ मारली."

ते हसले नाहीत. त्यांचा पाय जवळच्या बादलीला लागत होता. तो मागे घेऊन त्यांनी बादलीला हात लावला आणि नमस्कार केला.

"पाण्याच्या भांड्याला लाथ? आन् मेलेल्या माणसाची थट्टा? ह्ये नगं, मास्तर. दुसरं सांगा."

परवा वसतिगृहात वडिलांचा निरोप आला, की काका तापाने गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. पण त्याआधी मनात आले ते तेच इंग्रजी वाक्य, थट्टेसकट.