पॉजकाकांची मराठी शाळा

पॉजकाका कुठलीच गोष्ट सलग बघू देत नसत. टीव्हीवर कुणी तलवार उगारली की ती खाली यायच्या आत त्यांचा अंगठा रिमोटवर पडलेला असे. चित्र थरथरत थांबायचं, तळघरातल्या गालिच्यावर बसलेली मुलं ओरडायची, आणि काका शांतपणे विचारायचे, "हं, आता हा काय म्हणतोय? मराठीत सांगा." मुलांनीच त्यांना पॉजकाका हे नाव पाडलं. पुढे आम्ही मोठेही त्यांना त्याच नावानं हाक मारू लागलो.

ऐंशीच्या दशकात इथे अमेरिकेत, पार्सिपनी गावात मराठी घरं मोजकीच होती. काका एका औषध कंपनीत केमिस्ट होते. त्यांच्या एका जपानी सहकाऱ्याची आई नातवंडांसाठी तिकडची एक मालिका टेप करून पाठवायची. नातवंडांची बघून झाली की त्या टेपा काकांकडे यायच्या. पाच रंगांच्या पोशाखातले पाच योद्धे, आणि रोज एक नवा राक्षस. जपानी ना काकांना येत होतं, ना मुलांना. "तेच तर बरं आहे," ते म्हणत. "इंग्रजी कार्टून लावलं तर पोरं इंग्रजीतच हसतील. शिवाय यांनी हेल्मेटं घातलीत. तोंड दिसत नाही, त्यामुळे आपण घालू ते शब्द बसतात."

त्यांच्या वर्गाला एकच नियम होता. जो इंग्रजी शब्द वापरेल त्यानं पुढचा भाग संपेपर्यंत राक्षस व्हायचं, आणि राक्षसाला नुसतं गुरगुरता येतं. एक मुलगा मुद्दाम "ओके" म्हणायचा, कारण त्याला गुरगुरायलाच आवडायचं. शेवटी काकांनी त्याच्यासाठी राक्षसालाही मराठी शिकवलं. वरच्या स्वयंपाकघरातून काकूंची हाक यायची, "अहो, त्या मरता मरता थांबवलेल्याला मरू द्या आता, पोहे गार होतायत!"

मालिका लहान मुलांची म्हणावी तशी नव्हती. शहर ओसाड झालेलं, पाचही जण एकमेकांवर संशय घेणारे, आणि जो मरायचा तो पुढच्या भागात परत यायचा नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "राग, मत्सर, पश्चात्ताप हे शब्द 'माझा आवडता सण' या निबंधात कुठे येतात हो? ते कधी शिकायचे मुलांनी?"

एका वर्षी तिकडे सांगलीत माझी आई वारली. ग्रीन कार्डचे कागद अडकलेले होते, मला जाता आलं नाही. फोन ठेवला, बाहेर गेलो आणि गाडी धूत बसलो. घरात त्याविषयी मी पुढेही काही बोललो नाही. माझी मुलगी मीनल तेव्हा नऊ वर्षांची होती. काही आठवड्यांनी काकांच्या तळघरात त्या पाच जणांना वाढवणारी म्हातारी मरण्याचा भाग लागला. काळ्या पोशाखातला योद्धा पाठ फिरवून उभा होता. काकांनी चित्र थांबवून विचारलं, "हा काय म्हणतोय?" मीनल म्हणाली, "तो काही म्हणत नाही. आजी गेली तेव्हा माझे बाबापण काही म्हणाले नाहीत. त्यांनी गाडी धुतली." आणि ती रडली.

मुलांनी हे घरोघरी सांगितलं. पुढच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक मित्र ताट हातात घेऊन म्हणाला, "काय साहेब, आमचीही गाडी धुऊन द्या की! तुम्ही रडायच्या ऐवजी गाडी धुता म्हणे." सगळे हसले. मीही हसलो.

मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो. पुढच्या बैठकीत मी म्हणालो, मालिका हिंसक आहे, मुलं घाबरतात, माझी मीनल रात्री दचकून उठते. मीनल रात्रभर गाढ झोपत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात काय झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं, एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकले असते. ते एवढंच म्हणाले, "टीव्ही माझा आहे, मुलं तुमची." तळघरातला वर्ग बंद पडला. वर्षभरानं मी भाड्याच्या खोल्यांत, पाठ्यपुस्तकं मागवून मराठी शाळा काढली. तेव्हापासून संस्थापक म्हणून माझंच नाव लागतं.

काका नंतरही प्रत्येक कार्यक्रमात भेटत राहिले, त्यांनी तो विषय कधी काढला नाही. निवृत्तीनंतर ते दोघं मुलाकडे ओहायोत, डब्लिनला गेले. गेल्या हिवाळ्यात काका तिथेच वारले. अंत्यदर्शन झूमवर होतं. "तुम्ही दोन शब्द बोला," असं त्यांच्या मुलानं मला सांगितलं. मी म्यूट काढलाच नाही.

गेल्या महिन्यात मीनल घरी आली होती. तिला ती मालिका इंटरनेटवर सापडली होती, आता इंग्रजी सबटायटल्ससकट. आम्ही तोच भाग लावला. पाठमोरा योद्धा प्रत्यक्षात म्हणत होता, "अंधार पडायच्या आत निघायला हवं." मीनल हसली. "बाबा, आमचं व्हर्जन बेटर होतं." मग म्हणाली, "माझ्यामुळे बंद पडलं ना ते? सगळी मुलं तसंच म्हणायची. मी काकांना सॉरी म्हणायला गेले होते."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या दिवशी तूच सगळ्यात चांगलं मराठी बोललीस."

एवढी वर्षं तिनं हे स्वतःवर घेतलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "नुसतं मला सांगून काय उपयोग? खोटं सगळ्यांसमोर बोललात ना, मग सगळ्यांसमोरच सांगा."

म्हणून मंडळाच्या या अंकात लिहितो आहे. पॉजकाकांच्या तळघरात एकही मूल घाबरलं नाही. घाबरलो मी. मीनलमुळे काहीही बंद पडलं नाही. इथली पहिली मराठी शाळा काकांनी काढली आणि मी ती मोडली. माझं नाव काढून त्यांचं लावा, असं मी समितीला कळवलं आहे. सध्याची अध्यक्ष माझ्या मुलीच्या वयाची आहे. ती फोनवर म्हणाली, "काका, इतक्या वर्षांनी आता कशाला? कुणाला फरक पडतो?"

मी तिला सांगितलं, "डब्लिनला काकू आहेत. अंक त्यांच्याकडे जातो, आणि त्या अजून वाचतात. ही दुरुस्ती याच अंकात छापा."